उन्हात टर्बोचा जोर का ओसरतो?

प्रश्न : माझी टर्बो डिझेल गाडी डिसेंबरात पहाटे कसारा घाट आरामात चढते. मे महिन्यात भर दुपारी मात्र तिला धाप लागते. टर्बो गेला का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : एवढ्यावरून टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बदलायला मुळीच जाऊ नका, फार महाग पडतो तो. गरम हवा विरळ असते. दाब तोच असला तरी १५ अंशांच्या मानाने ४२ अंशांना तेवढ्याच जागेत सुमारे ९ टक्के हवा कमी मावते. त्यात टर्बो ती दाबून आणखी तापवतो. घाटात ट्रकमागे रांगताना ही दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरला पुरेसा वारा लागत नाही. मग सेन्सर तापमान कळवतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इंजिन जपण्यासाठी बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) नि डिझेल कमी करतो.

तरीही फरक जास्त वाटला, तर इंटरकूलरच्या जाळीतला चिखल, किडे हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर पाकळ्या दुमडतात. टर्बोचा दाब सांभाळणारी व्हॅक्यूमची बारीक रबरी नळीही बघाच. ती गार असताना घट्ट बसते, तापली की टोकाशी सैल पडते. सकाळी गॅरेजात हा दोष सापडत नाही, म्हणून गाडी तापलेली असतानाच दाखवा.