वाचकांचे प्रश्न: इंग्रजीच्या बाई आणि पाठीवरचे सहा डोंगर

प्रश्न: ताई, मागच्या अंकात नायजेरियाच्या मोलारा ओगुंडिपे यांचा एका ओळीत उल्लेख होता, इंग्रजीच्या प्राध्यापक आणि फेमिनिस्ट कार्यकर्त्या म्हणून. जन्मभर इंग्रजी शिकवायचं आणि आफ्रिकन बायकांसाठी लढायचं, हे जरा विचित्र नाही का? हे सगळं गोऱ्यांकडून उसनं आणलंय, असं कोणी सुनावलं नाही त्यांना?

उत्तर: सुनावलं तर! आफ्रिकेत फेमिनिझमचं नाव काढलं की हा टोमणा ठरलेलाच, आणि मला तर वाटतं त्यांचं निम्मं काम त्याला उत्तर देता देताच उभं राहिलं.

करिअर थोडक्यात सांगते. जन्म १९४० चा, लागोसचा. इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंग्रजी ऑनर्सला फर्स्ट क्लास मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. पीएचडी नेदरलँड्समधल्या लायडन युनिव्हर्सिटीची, आणि इबादान, ओगुन स्टेट युनिव्हर्सिटी, अमेरिका असं शिकवणं चालूच, मधे कविताही. २०१९ मध्ये गेल्या.

आता शिकवणं एकीकडे आणि मोर्चे दुसरीकडे असं काही त्यांचं नव्हतं. पुरुष लेखकांच्या कथा-कवितांमधली ती सगळं सोसणारी, सगळ्यांना पोटाशी धरणारी गोड आई आठवा, जिला उचलून थेट 'मदर आफ्रिका' करून टाकतात, म्हणजे पूजा झाली आणि तिच्या रोजच्या कष्टांबद्दल बोलायची गरजच उरली नाही. ह्या आईवर बाईंनी नेमकं बोट ठेवलं. आपल्याकडे हे ओळखीचं वाटलं तर नवल नको.

चळवळीत म्हणाल तर १९७७ ला सेनेगलमधल्या डाकारमध्ये आफ्रिकन संशोधक बायकांची संघटना निघाली, १९८२ ला नायजेरियात 'विमेन इन नायजेरिया', दोन्हींच्या संस्थापकांमध्ये त्या होत्या. ह्या दुसऱ्या संघटनेत पुरुषांनाही मेंबर होता यायचं, आणि ते मुद्दाम.

त्यांची सगळ्यात गाजलेली मांडणी सहा डोंगरांची. आफ्रिकन बाईच्या पाठीवर सहा डोंगर आहेत म्हणाल्या: बाहेरून आलेली सत्ता, जुन्या रूढी, वसाहतवादामुळे आलेलं मागासलेपण, पुरुष, वर्णभेद, आणि सहावा म्हणजे ती स्वतः. शेवटचा त्यांना सगळ्यात महत्त्वाचा वाटायचा, कारण बाकीच्यांनी शिकवलेलं सगळं तिच्या मनात जाऊन बसलेलं असतं. पण बघा, पुरुष इथे सहातला फक्त एक आहे, आणि इंग्रज गेले तरी डोंगर काही हलले नाहीत, हे दोन्ही एकदम म्हणायला धाडस लागतं, कारण मग दोन्हीकडचे लोक चिडतात.

उसनं-उसनं ऐकून ऐकून शेवटी त्यांनी फेमिनिझमऐवजी स्वतःचाच एक नवा शब्द काढला, स्टिवा (STIWA, इंग्रजी आद्याक्षरांचा), म्हणजे आफ्रिकेतला सामाजिक बदल, बायकांना धरून. झालं, आता पाश्चात्त्यांची नक्कल म्हणून वाद घालायला जागाच नाही, मुद्द्यावर बोला! मला स्वतःला हे नाव जरा कोरडं वाटतं पण चाल मात्र हुशार.

प्रश्न: वाचायला कुठून सुरुवात करू?

उत्तर: १९९४ चं 'रिक्रिएटिंग अवरसेल्व्ज' घ्या, डोंगर आणि स्टिवा दोन्ही त्यातच आहेत. काही लेख जड जातील, ते बिनधास्त मागे ठेवा. आणि लायब्ररीत शोधताना ओगुंडिपे-लेस्ली असं टाका, पुस्तकावर तेच नाव छापलंय.