अनेक मायक्रोकर्नलवर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम फ्रेमवर्कचा सोर्स कोड कसा मांडावा?

तुम्ही विचारलंय की फ्रेमवर्क तीन मायक्रोकर्नलवर (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा; मायक्रोकर्नल म्हणजे अगदी गरजेपुरतंच काम करणारा छोटा गाभा) आणि दोन प्रोसेसरवर चालवायचंय, तर प्रत्येक कर्नलसाठी सगळा कोड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा की एकाच ठिकाणी ठेवून जागोजागी इफडेफ (अट पाहून कोडचा तुकडा घ्यायचा की वगळायचा हे ठरवणाऱ्या ओळी) घालावेत. आणि बिल्डसाठी, म्हणजे सोर्समधून प्रोग्राम तयार करायला, मेक हे टूल बरं की सीमेक.

पहिल्या दोन्ही गोष्टी करू नका. रिपॉझिटरी एकच ठेवा आणि आत प्रत्येक फाइल ज्या कारणाने बदलते, त्या कारणाच्या फोल्डरमध्ये ठेवा. कर्नल बदलल्यामुळे बदलते का? मग कर्नलच्या फोल्डरमध्ये. प्रोसेसरमुळे? प्रोसेसरच्या. बोर्डमुळे? बोर्डच्या. कशानेच बदलत नसेल तर सामायिक भागात, आणि तिची प्रत एकच. जवळजवळ याच शब्दांत मी हे एकदा मीटिंगमध्ये मांडलं होतं आणि ते उडवून लावलं गेलं. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आमचं फ्रेमवर्क एका कर्नलवर नीट चालत होतं, दुसऱ्यावर न्यायचं होतं. आमच्या सीनियर आर्किटेक्टनी पहिल्या कर्नलचा अख्खा फोल्डर कॉपी केला, नाव बदललं आणि सांगितलं, आता यात हवं ते बदला. त्यांचं म्हणणं असं की फोल्डर उघडला की त्या कर्नलचं सगळं एका जागी दिसलं पाहिजे, एका टीमने दुसऱ्या टीमच्या वाटेत येऊ नये. मी म्हटलं, यातला निम्म्याहून जास्त कोड कर्नलचा नाहीच. त्यावर उत्तर मिळालं, ‘फोल्डर म्हणजे आर्किटेक्चर नव्हे.’ विषय संपला.

दीडेक वर्षाने कंपायलरची नवी आवृत्ती घेतली. पहिल्या कर्नलवर सगळ्या टेस्ट पास. दुसऱ्यावर नवा थ्रेड सुरू झाला की काही प्रोग्राम मरायचे, काही सुरळीत चालायचे. कर्नल एवढंच सांगायचा की एक्सेप्शन १३, म्हणजे प्रोसेसरने नियमभंग म्हणून अडवलेली सूचना. पेज फॉल्ट (मेमरीत नसलेल्या पत्त्याला हात लावणं) असला तर निदान कुठल्या पत्त्यावर अडलं ते कळतं. १३ मध्ये तेही नाही. कुठे प्रिंट टाकावा तर क्रॅश जागा बदलायचा. सगळ्यांना वाटलं, नव्या कर्नलच्या आयपीसीत (प्रोग्राममधली निरोपांची देवाणघेवाण) गडबड आहे. तिथे आम्ही नऊ दिवस घालवले.

शेवटी मी डिसअसेंब्ली (मशीन कोडचं वाचता येणारं रूप) उघडून मरणारी प्रत्येक सूचना वहीत लिहून काढली. दर वेळी तीच निघाली, मूव्हएपीएस. ही सूचना एका झटक्यात १६ बाइट लिहिते आणि पत्ता १६ ने भागला जाणारा नसेल तर तिथेच एक्सेप्शन देते. मग थ्रेडच्या पहिल्या फंक्शनच्या पहिल्याच सूचनेवर थांबून स्टॅक पॉइंटर (स्टॅकच्या टोकाचा पत्ता) पाहिला. हेक्समध्ये तो ० वर संपत होता. ६४ बिट एक्स८६ वर तो तिथे ८ वर संपायला हवा, कारण कॉल सूचना परतीचा ८ बाइटचा पत्ता स्टॅकवर ठेवून मगच फंक्शनमध्ये शिरते आणि कंपायलर ते धरूनच चालतो. आमचा थ्रेड सुरू करणारा कोड मात्र कॉल न करता थेट जंप मारत होता. जुना कंपायलर त्या जागी मूव्हएपीएस काढत नव्हता, म्हणून इतके दिवस निभावलं.

मग दोन्ही फोल्डरमधली तीच फाइल डिफला (फरक दाखवणाऱ्या टूलला) लावली. स्क्रीनभर लाल-हिरवं, पण बहुतेक फरक टॅब, स्पेस आणि नेमस्पेसच्या नावाचे. पार खाली एक ओळ. पहिल्या कर्नलच्या प्रतीत स्टॅकच्या वरच्या टोकातून ८ वजा केले होते. दुसरीत ती ओळच नव्हती. दुरुस्ती चौदा महिन्यांपूर्वीची, एका काळजीपूर्वक काम करणाऱ्या सहकाऱ्याची. त्याचा काहीही दोष नव्हता. या फाइलला जुळं भावंड आहे हे त्याला कळायला मार्गच नव्हता.

१६ बाइटचा तो नियम पहिल्या कर्नलचाही नव्हता आणि दुसऱ्याचाही. तो प्रोसेसरच्या कॉलिंग कन्व्हेन्शनचा, म्हणजे एका फंक्शनने दुसऱ्याला कसं बोलवायचं याच्या नियमांचा होता. फाइल प्रोसेसरच्या फोल्डरमध्ये असती तर दुरुस्ती एकदाच झाली असती आणि दोन्ही कर्नलना मिळाली असती. त्यानंतरच्या मीटिंगमध्ये ठरलं काय, तर चेकलिस्ट: एका कर्नलमध्ये फिक्स केला की दुसऱ्यात पाहायचं. मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. जे काम फोल्डरची रचना फुकटात करते, ते माणसाच्या लक्षात ठेवण्यावर का सोपवायचं?

हे काही माझ्या एकट्याच्या डोक्यातून आलेलं नाही. लिनक्समध्ये ३२ आणि ६४ बिट एक्स८६ चे फोल्डर वेगळे होते. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ मध्ये ते एकत्र केले गेले. तुमच्या कामाच्या सगळ्यात जवळचं उदाहरण जीनोडचं, तेही अनेक कर्नलवर चालणारं ऑपरेटिंग सिस्टिम फ्रेमवर्क आहे. तिथे सामायिक पाया ‘बेस’ नावाच्या फोल्डरमध्ये आहे आणि शेजारी प्रत्येक कर्नलचा वेगळा: बेस-नोव्हा, बेस-एसईएलफोर, बेस-लिनक्स वगैरे. प्रत्येकाच्या आतली रचना सारखीच. बिल्ड करताना फोल्डरांची यादी क्रमाने दिली जाते आणि एखादी लायब्ररी दोन ठिकाणी सापडली तर यादीत आधी येणारी घेतली जाते. म्हणजे कर्नलच्या फोल्डरमध्ये फक्त फरक ठेवायचा. बाकी सगळं सामायिक ‘बेस’मधून मिळतं. बाहेरून आणलेला कोडही ते रिपॉझिटरीत कोंबत नाहीत. कुठून आणायचा, त्याचा हॅश (मजकूर तोच आहे हे तपासायची खूण) काय आणि पॅच (त्यावर करायचे बदल) कोणते, एवढंच ठेवतात. हे आवर्जून उचला.

एल४ या मायक्रोकर्नलचे जनक योखेन लीटके यांनी तर १९९५ मध्येच मांडलं होतं की मायक्रोकर्नल स्वतः पोर्टेबल असूच नये. तो प्रोसेसरला घट्ट बांधलेला असावा, म्हणजे त्याच्या वरचं सगळं पोर्टेबल होतं. ४८६ आणि पेंटियममधल्या फरकानेसुद्धा कर्नलची आतली रचना बदलते, हे त्यांनी दाखवलं. तुम्ही या रेषेच्या वरच्या बाजूला आहात. तुमच्या कोडमध्ये कर्नलचं नाव जितक्या कमी फाइलींत येईल तितकं बरं. आज ग्रेप (फाइलींत शब्द शोधणारं टूल) मारून मोजून बघा.

कर्नल गुणिले प्रोसेसर गुणिले बोर्ड असे जोडफोल्डर करू नका. तीन कर्नल, दोन प्रोसेसर, चार बोर्ड धरले तर २४ फोल्डर होतात, पण वेगवेगळे ठेवले तर ९ पुरतात. एखादी फाइल खरंच दोन कारणांनी बदलत असेल तर बहुतेक वेळा ती दोन फाइलींत फोडायला हवी असते. सिस्टिम कॉलची असेंब्ली हा खरा अपवाद. ती कर्नलच्या फोल्डरमध्ये, आत प्रोसेसरच्या उपफोल्डरमध्ये राहू द्या. टेस्ट मात्र सगळ्या कर्नलना एकच, आणि रोज सगळ्यांवर चालवा. आमच्याकडे प्रत्येक फोल्डरची टेस्ट वेगळी होती, म्हणून दुसऱ्या प्रतीतली चूक इतके दिवस लपून राहिली.

मेक की सीमेक यावर मला फारसं काही म्हणायचं नाही. शोधण्याचा क्रम स्पष्ट लिहिता येईल ते घ्या.

थोडं उलट बाजूचंही सांगायला हवं. एकच कर्नल असेल आणि दुसरा येण्याची चिन्हं नसतील तर यातलं काही करू नका. एका फरकासाठी बांधलेली रचना ओझं होते. दुसरं, क्रमाने शोधण्यात धोका आहे. कर्नलच्या फोल्डरमध्ये चुकून सामायिक हेडरच्याच नावाची फाइल पडली तर ती गुपचूप झाकली जाते आणि कंपायलर काही बोलत नाही. कुठली फाइल कुठून उचलली याची यादी बिल्डमधून काढायची सोय पहिल्या दिवशीच करा. आणि इफडेफ अगदी वर्ज्य नाहीत; दोन ओळींच्या फरकासाठी नवी फाइल काढणं मीही टाळतो.

आधीच प्रती झाल्या असतील तर आधी दोन्ही फाइली एकसारख्या करा, टेस्ट चालवा, आणि हलवण्याचा कमिट वेगळा ठेवा, त्यात एकही ओळ न बदलता. गिट फाइल हलल्याचं मजकुराच्या साम्यावरून ओळखतो. हलवताना मजकूरही बदललात तर जुना इतिहास तुटल्यासारखा दिसतो. आमची ती फाइल अशीच हलवली, त्यामुळे वजा ८ च्या ओळीवर आजही त्या सहकाऱ्याचंच नाव आणि तीच जुनी तारीख दिसते.