कोल्हापुरात राहून दोन इंजिनांची ३० फुटी स्पीडबोट सांभाळता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत एक जुनी अमेरिकन बनावटीची ३० फुटी स्पीडबोट स्वस्तात मिळते आहे, आत दोन व्ही-८ पेट्रोल इंजिनं, मागं स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीत, पण गियर आणि पंखा मागच्या पाटाबाहेर), सोबत तीन ॲक्सलचा ट्रेलर. घरी फॉर्च्युनर आहे. बोट कोल्हापुरात शेडमध्ये ठेवायची आणि शनिवार-रविवारी ओढत मालवणला न्यायची, हे जमेल का आणि खर्च किती.

बोट घ्यायची तर घ्या, कोल्हापुरात मात्र आणू नका. तिचं घर घाटाखालीच पाहिजे.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात वर्कशॉप आहे. मामेभावानं हौसेनं अशीच एक बोट घेतली. ती मालवणजवळ खाडीकाठी असते आणि तिची इंजिनं, ड्राइव्ह, ट्रेलर बघायचं काम माझ्याकडं. म्हणजे वारं खायला तो आणि ग्रीसमध्ये हात घालायला मी. त्यामुळं माझं उत्तर थोडं बोटीच्या बुडाखालून आलेलं आहे, हे धरून वाचा.

आधी वजन. ३० फुटी बोट आणि आत दोन मोठी व्ही-८ म्हटलं की रिकामी बोटच साडेतीन-चार टनांच्या घरात जाते. ५०० लिटर पेट्रोल म्हणजे पावणेचारशे किलो. वर ट्रेलरचं टनभर. पाच टन सहज होतात. परदेशात अशा एसयूव्हींना ओढायच्या वजनाची मर्यादा कंपनीच ठरवून देते, तिथंही ती ब्रेकवाल्या ट्रेलरला तीन-साडेतीन टनांच्या आसपास थांबते. शिवाय ट्रेलर डुलू नये म्हणून एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर यावा लागतो, म्हणजे तुमच्या गाडीच्या शेपटावर पाचशे किलो. पुढची चाकं हलकी झालेली गाडी घेऊन वळणं घ्यायची! सपाटीला ती ओढेलही. ओढलेलं थांबवायचं कसं, ते बोला.

कोल्हापूरहून मालवणला उतरायचं तर गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा, नाहीतर राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा. अशा ट्रेलरना बहुतेक वेळा सर्ज ब्रेक असतात. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर मागून रेटतो, त्या रेट्यानं कपलरमधला (हुकवर बसणाऱ्या जोडणीतला) मास्टर सिलिंडर दाबला जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. हायवेवर झकास चालतं. घाटउताराला मात्र ट्रेलर सगळा वेळ रेटतच असतो, त्यामुळं ब्रेकही सगळा वेळ घासत राहतात. ड्रम तापतात, पकड जाते आणि पाच टनांचा भार तुमच्या गाडीच्या चार चाकांवर येतो. तेवढ्यात वळणावर समोरून एसटी आली, तर मग देवाचं नाव. इलेक्ट्रिक ब्रेक लावून घेतो असं कुणी म्हणेल. पण हा ट्रेलर दर वेळी खाऱ्या पाण्यात बुडणार, तिथं मॅग्नेट आणि वायरी किती टिकणार?

दुसरं दुखणं बेअरिंगचं. लांबून ओढत आणलेला ट्रेलर तापलेल्या हबसकट पाण्यात घातला की आतली हवा एकदम गार होऊन आक्रसते आणि ऑइल सीलमधून खारं पाणी आत खेचलं जातं. ग्रीस पांढरं पडतं. त्या दिवशी कुणाला कळत नाही. पुढच्या फेरीत, नेमकं जिथं जॅक लावायला जागा नसते तिथं, हब जाम होतो. हब हाताला गार लागेपर्यंत ट्रेलर पाण्यात घालायचा नाही, आणि स्प्रिंगवाल्या ग्रीस कॅप बसवून घ्यायच्या. आपल्याकडं ट्रेलरचं काम उत्तम होतं, हे मी अभिमानानं सांगतो. स्टब ॲक्सल, हब, लीफ स्प्रिंगचे ब्रॅकेट, सगळं उद्यमनगर-शिरोलीत बनतं. फक्त नुसता रंग मारून भागवू नका, हॉट डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा) करून घ्या.

मग बोट आणायची कशी? मुंबईची बोट घाटावर चढवायचं कारणच नाही. लो-बेड ट्रकवर घालून मुंबई-गोवा महामार्गानं थेट सिंधुदुर्गात. रुंदीत एक सोय आहे: अमेरिकेत रस्त्यावरची मर्यादा १०२ इंच, म्हणून तिकडच्या ओढून न्यायच्या बोटी बहुधा साडेआठ फुटांतच बसवलेल्या असतात. ते २.५९ मीटर होतात आणि आपली मर्यादा २.६ मीटर आहे. टेप लावून मोजाच, कारण बाजूला एक रबरी पट्टी जास्त निघाली तरी विशेष परवानगीच्या भानगडीत पडाल. आमची आणली तेव्हा हायवेला काही त्रास झाला नाही, खरी गंमत कसालहून मालवणकडं वळल्यावर. गावोगावी केबल टीव्हीच्या तारा खाली लोंबत होत्या. एक पोरगं बोटीच्या नाकाडावर वाळका बांबू घेऊन बसलं होतं आणि एकेक तार उचलून ट्रकला वाट करून देत होतं. एका पडवीतून आजी ओरडल्या, "रे, माजी शिरियल गेली!"

ट्रेलर तरीही लागतोच, पण शेडपासून पाण्यापर्यंत किंवा पंपापर्यंत आणि परत, एवढ्यापुरता. बोट खाडीत नांगरून ठेवली तर काही आठवड्यांत ड्राइव्हवर आणि पाणी ओढायच्या भोकांवर शिंपल्यांचं कवच चढतं, इंजिन तापायला लागतं. ट्रॅक्टरनं ओढून काढायची. पक्का उतार असलेली जागा आधी शोधा, वाळूत पाच टन रुततात. आणि भरतीचं वेळापत्रक बघा. उधाणाच्या ओहोटीला उताराचं टोक उघडं पडलं की बसा पाणी यायची वाट बघत.

पेट्रोलचा हिशेब सोपा आहे आणि तो ऐकून पुष्कळांची हौस भागते. पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलला दर दहा घोड्यांमागं तासाला साधारण पावणेचार लिटर पितं. तीनशे घोड्यांची दोन इंजिनं म्हणजे तासाला सव्वादोनशे लिटर. आरामात चालवली तर त्याच्या निम्मं. पेट्रोलनं शंभरी पार केलेली आहे, गुणाकार तुम्ही करा. एक तास निवांत फिरणं म्हणजे अकरा-बारा हजार, आणि तासभर फुल सोडायचं म्हटलं तर जाळ अन् धूर संगटच!

बंदरात मच्छीमारांसाठी डिझेल मिळतं, पेट्रोल जेटीवर मिळेल असं धरून चालू नका. कॅनमधून नेऊ म्हणाल, तर विनापरवाना ३० लिटरच्या वर पेट्रोल बाळगता येत नाही. म्हणून ट्रेलरवरूनच पंपावर न्यायची आणि लागेल तेवढंच भरायचं. पंपावर आता मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. जुन्या मर्क्रूझरसारख्या इंजिनांना १० टक्क्यांच्या वर चालत नाही. इथेनॉल ओलावा ओढतं आणि बोटीच्या टाकीचा श्वास दमट खाऱ्या हवेतूनच चालतो. जुने रबरी होज आतून सुटतात, कार्ब्युरेटर चोंदतो. (इथेनॉल आपल्याच उसाचं, तक्रार तरी कुणाकडं करायची?) होज बदला, दोन्ही इंजिनांना पाणी वेगळं करणारे दहा मायक्रॉनचे फिल्टर लावा आणि पावसाळ्याआधी टाकी जमेल तितकी रिकामी करा.

आता इंजिनं. कोल्हापूरच्या माणसाला इंजिनाची भीती नसते, धोका तिथंच आहे. व्ही-८ उघडल्यावर वाटतं, हे तर गाडीचंच आहे! ब्लॉक गाडीचाच असतो, पण बोटीचा स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर ठिणगी बाहेर पडू न देणारे असतात. बोटीत इंजिन बंद खणात असतं आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाला साठते. तिथं गाडीचा अल्टरनेटर बसवला की तुम्ही बॉम्ब जोडला. याच कारणानं सुरू करायच्या आधी चार मिनिटं ब्लोअर चालवायचा आणि खणाचं झाकण उघडून नाकानं वास घ्यायचा. मामेभावाला घाई असली तरी मी चावी देत नाही.

सगळ्यात जास्त पैसा खातात ते एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्यावरचे रायझर. बिडाचे असतात, आतून एका कप्प्यातून धूर जातो आणि बाजूच्या कप्प्यातून थंडावा द्यायला समुद्राचं पाणी. मधली भिंत गंजून पातळ होते. चार-सहा वर्षांत ती फुटली की पाणी उलटं सिलिंडरमध्ये. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं स्टार्टर मारल्यावर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्रत्येक इंजिनाला दोन मॅनिफोल्ड, दोन रायझर. तुमच्या बोटीला चार-चार. "आपल्याकडं एवढ्या फाउंड्र्या आहेत, ओतून घेऊ" हा विचार मीही ऐकलाय. ओतता येईल, पण आतल्या पाण्याच्या वाटेचा कोअर (साच्यात पोकळी सोडणारा गाभा) किंचित सरकला तर भिंत एका बाजूला कागदासारखी येते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दोन-चार नगांसाठी तेवढा पॅटर्न, कोअर बॉक्स, प्रेशर टेस्टिंग कोण करणार? तयार आणलेले स्वस्त पडतात.

प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यानं इंजिन धुवायचं. ड्राइव्हच्या जाळ्यांवर रबरी कप लावून पाइप जोडायचा, इंजिन आयडलवर ठेवायचं. दोन मिनिटांत आटपणारे बघितलेत मी. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गोडं पाणी ब्लॉकमध्ये नीट फिरतच नाही, तेव्हा इंजिन तापू द्या आणि पुढं दहा मिनिटं चालवा. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर दरवर्षी बदला. ड्राइव्ह आणि बोटीच्या मध्ये रबराची बेलोज असते, तिच्या घड्या बोटांनी उघडून चिरा बघा. ती फाटली तर पाणी आत येतं आणि बोट उभ्या जागी बुडू शकते. गियर ऑइलचा खालचा स्क्रू थोडा सैल करून पहिला थेंब बोटावर घ्या. तेलाच्याच रंगाचा असेल तर ठीक. दूध घातलेल्या चहासारखा दिसला तर सील गेलं, आत पाणी आहे.

असं काम निघालं की आम्ही ड्राइव्ह सोडवतो, पिकअपमध्ये घालतो आणि वर आणतो. करूळ घाट बोट चढत नाही, तिचे पार्ट चढतात. कोल्हापूरचा उपयोग एवढाच, आणि तो मोठा आहे.

दोन इंजिनं म्हणजे एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर तसंच परत येऊ, असं तुम्ही लिहिलंय. परत याल, पण तसंच नाही. एका इंजिनावर अशी जड बोट बहुधा पाण्यावर उचलली जात नाही. नाक वर करून सहा-सात नॉट्सनं रांगत येते, एका बाजूला ओढत. आणि पेट्रोलच खराब असेल तर दोन्ही एकदमच बसतात. दोन्ही पंखे (प्रोपेलर) उलटसुलट फिरणारे असतात, त्यामुळं डाव्याचा उजव्याला चालत नाही. दोन्हींचा एकेक जादा ठेवा, मालवणच्या खडकांत आणि जाळ्यांत लागतो. व्हीएचएफ रेडिओ चॅनेल १६ वर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनेलवर ठेवा, तटरक्षक दलाचा १५५४ फोनमध्ये ठेवा. स्थानिक तांडेल (होडीचा मुख्य खलाशी) सोबत असल्याशिवाय सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास वेग घेऊ नका.

पंचगंगेत किंवा धरणावर चालवता येईल का, तेही विचारलंय. पंचगंगेवर दर काही किलोमीटरला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे, वेग धरायच्या आत समोर दारं. धरणं जलसंपदा खात्याची, त्यांच्या परवानगीशिवाय पाण्यात हात घालायचा नाही, आणि राधानगरी तर अभयारण्यात. रंकाळ्याचं नाव काढू नका, लोक चपलेनं मारतील.

मोसम ऑक्टोबर ते मे. त्यातही सकाळचे तीन-चार तास, दुपारी खारे वारे सुटले की बोट लाटांवर आपटायला लागते. बोटीची नोंदणी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडं, ट्रेलरची आरटीओकडं. वर्षाच्या खर्चाला किमतीच्या दहा टक्के धरा असं सांगणारे भेटतील. स्वस्त जुन्या बोटीला तो हिशेब लागू नाही, कारण पार्ट नव्या बोटीच्याच भावानं येतात, तेही दोन-दोन.

इसार द्यायच्या आधी मुंबईला मेकॅनिक घेऊन जा. इंजिनाला हात लावून बघा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर उद्या येतो म्हणा. सोळाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन काढा, आकडे एकमेकांजवळ हवेत. मागच्या पाटावर, जिथं ड्राइव्ह बसतात, प्लास्टिकच्या हातोडीनं ठोका. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर आतलं प्लायवुड कुजलंय, व्यवहार सोडा. पाण्यात नेऊन दोन्ही इंजिनं थोडा वेळ फुल चालवा, तापमान बघा, मग एक बंद करून बघा. रायझर काढून दाखवायला मालक तयार नसेल तर चारही सेट गेलेत असं धरून तेवढी किंमत पाडून मागा. रायझर आणि मॅनिफोल्डच्या सांध्याचे जवळून फोटो काढून इथं टाका, गंजाचा ओघळ कुठल्या बाजूनं आलाय ते बघून सांगतो.