सिद्धांत कधी उघडायचा, कधी मिटून ठेवायचा

प्रिय,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझा प्रश्न नेमका आहे. मंडळीचा (चर्चचा) सिद्धांत पवित्र शास्त्रातूनच, म्हणजे बायबलमधूनच निघाला असेल, तर तोच हाती धरून शास्त्र वाचणं म्हणजे आधी कळस मग पाया नव्हे का? पण कोरी पाटी घेऊन पवित्र शास्त्र कुणीच वाचत नाही. ‘मला सिद्धांत नको, फक्त वचन हवं’ म्हणणाऱ्याच्या मनातही देव कसा आहे, तारण कशाने होतं, याविषयी ठाम मतं असतात. ती त्याने कधी मांडलेली नसतात, म्हणून ती तपासताही येत नाहीत. मंडळीने लिहून ठेवलेला सिद्धांत निदान डोळ्यांसमोर असतो. वचन दाखवून त्याला चूक म्हणायची सोय असते.

ही गरज फार लवकर भासली. इ.स. १८० च्या सुमारास लिओनचा (आजच्या फ्रान्समधलं शहर) बिशप इरेनियस ज्यांच्याशी वाद घालत होता, ते लोकही शास्त्रातलीच वचनं सांगत. त्याने दिलेला दाखला असा: रत्नांचे खडे बसवून राजाचं चित्र केलेलं आहे, कुणीतरी ते खडे उचकटून, पुन्हा रचून कोल्हा बनवतो आणि खडे खरे आहेत म्हणून हाच राजा, असं सांगतो. प्रत्येक खडा खरा, तरी चित्र खोटं. मूळ चित्र ओळखायला त्याने पुढे केला तो ‘विश्वासाचा नियम’: सर्व निर्माण करणारा एकच देव, देहधारी झालेला पुत्र येशू ख्रिस्त, त्याचं दुःखसहन, पुनरुत्थान आणि पुन्हा येणं, आणि संदेष्ट्यांच्या मुखाने बोललेला पवित्र आत्मा. हा नियम एकेका वचनाचा अर्थ सांगत नाही. सगळी वचनं मिळून कोणाचं चित्र उभं राहतं, तेवढं सांगतो.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू अरियस याचा भर नीतिसूत्रे ८:२२ वर होता. ग्रीक भाषांतरात ज्ञान तिथे म्हणतं, ‘परमेश्वराने मला निर्माण केलं.’ ते ज्ञान म्हणजे ख्रिस्त, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. म्हणून अरियसचा निष्कर्ष, पुत्र निर्मित आहे. सुतावरून स्वर्ग गाठणं ते हेच. आणि शास्त्रातला कोणताही शब्द पुढे केला तरी त्याचे अनुयायी तो आपल्या अर्थाने मान्य करत. म्हणून ३२५ साली बिशपांच्या निकेया परिषदेला शास्त्रात नसलेला शब्द घ्यावा लागला: पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे. शास्त्राचा अर्थ राखायला शास्त्राबाहेरचा शब्द, हे अनेकांना तेव्हाही खटकलं होतं. तुलाही खटकलं तर हरकत नाही. तो शब्द कोणती पळवाट बुजवतो, एवढं मात्र ध्यानात असू दे.

आता कामाची गोष्ट. शुभवर्तमानं वाचताना प्राचीन मंडळीचा आचार्य ऑगस्टीन याने वापरलेली विभागणी मला अजून सर्वांत उपयोगी वाटते. पुत्राविषयीच्या वचनांचे तीन गठ्ठे कर. पहिल्यात तो पित्याच्या बरोबरीचा दिसतो ती वचनं, जसं योहान १०:३०: मी आणि पिता एक आहोत. दुसऱ्यात त्याने घेतलेल्या दासाच्या स्वरूपाविषयीची. हा भेद फिलिप्पैकरांस २:६-७ मधूनच येतो. तिसऱ्यात तो पित्यापासून आहे एवढंच सांगणारी, जसं योहान ५:२६: पित्याने पुत्राला स्वतःच्या ठायी जीवन असण्याचं दिलं आहे. इथे कमीपणा नाही, फक्त कोण कोणापासून आहे ते आहे. हा तिसरा गठ्ठा नवखे लोक विसरतात, आणि मग ‘दिलं’ हा शब्द दिसला की एक तर घाबरतात, नाही तर पुत्राला दुय्यम ठरवून मोकळे होतात.

पण ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ (योहान १४:२८) हे वचन ऑगस्टीन दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवतो, तर निकेयाचाच विश्वास मानणारे काही आचार्य पिता हा पुत्राचं मूळ आहे म्हणून थोर, असं वाचतात. सिद्धांत एक, अर्थ दोन. वचनाचा अर्थ काय होऊ शकत नाही हे सिद्धांत बहुधा सांगतो. काय होतो, हे संदर्भ, व्याकरण आणि लेखकाचा ओघ पाहून तुलाच शोधावं लागतं.

म्हणून क्रम सांभाळ. दहा ते वीस वचनांचा एक उतारा घे आणि तीनदा वाच. मग ‘त्रैक्य’ (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), ‘कृपा’, ‘नीतिमान ठरणं’ असे शब्द न वापरता उतारा काय म्हणतो ते पाच ओळींत लिही. जे खटकलं, ते वेगळं लिही. इथवर सिद्धांताचं पुस्तक मिटलेलं. ते उघडायचं ते खटकलेल्या जागांसाठी.

करून बघायला १ शमुवेल १५ उत्तम. अकराव्या आणि पस्तिसाव्या वचनात शौलाला राजा केल्याबद्दल देवाला पस्तावा होतो. मधे एकोणतिसाव्यात शमुवेल म्हणतो, तो पस्तावा करायला मनुष्य नाही. मूळ इब्री क्रियापद तिन्ही ठिकाणी एकच. देव अविकारी, म्हणजे कधी न बदलणारा आहे हा सिद्धांत आधी डोक्यात घेऊन बसलेला वाचक एकोणतिसाव्या वचनाने बाकीची दोन गिळून टाकतो: ‘ती फक्त बोलायची रीत.’ उलटा वाचक म्हणतो, देवाचा अंदाज चुकला. एका लेखकाने एका अध्यायात तिन्ही ठेवली, हे दोघांनाही दिसत नाही. एकोणतिसाव्याचा रोख ठराविक आहे: शौलाकडून काढलेलं राज्य परत मिळणार नाही, देवाला विनवणीने फिरवता येणार नाही. अकरा आणि पस्तीस शौलाच्या अवज्ञेची देवाला वाटलेली खंत सांगतात. देव अज्ञानाने चुकला, एवढंच म्हणायला सिद्धांत तुला अडवतो. ती खंत पुसून टाक, असं तो म्हणत नाही.

दुसरी चूक भक्तिमान माणसांची. १ योहान ५:७ मध्ये पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे स्वर्गातले तीन साक्षी सांगणारं वाक्य काही जुन्या भाषांतरांत आहे. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, ओरड झाल्यावर १५२२ मध्ये घातलं. त्रैक्याचा सिद्धांत त्या वाक्यावर कधीच उभा नव्हता. निकेयाच्या पक्षाने त्याच्याशिवायच वाद जिंकला. खऱ्या सिद्धांतासाठी कच्चा पुरावा देऊ नकोस. तो पुरावा पडला की ऐकणाऱ्याला वाटतं, सिद्धांतच पडला.

याकोब २:२४ (माणूस फक्त विश्वासाने नव्हे, तर कृत्यांनी नीतिमान ठरतो) आणि पौलाचं रोमकरांस ३:२८ (नियमशास्त्राच्या कृत्यांवाचून, विश्वासाने ठरतो) यांविषयी थोडक्यात. दोघेही अब्राहामाचं एकच वचन, उत्पत्ती १५:६, उद्धृत करतात. पौलाचा प्रश्न अब्राहाम नीतिमान गणला गेला तो कशाने, हा आहे. याकोब पुढच्या इसहाकाच्या अर्पणाकडे बोट दाखवतो आणि भुतांनाही असतो अशा कोरड्या विश्वासाशी झगडतो. विश्वासानेच तारण यावर भर देणाऱ्या धर्मसुधारक लूथरने १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हटलं. एवढ्या मोठ्या वाचकाचाही तोल आपल्या लाडक्या सिद्धांतापायी जातो, तेव्हा आपण जपून असावं.

सगळे सिद्धांत एका वजनाचे नसतात. निकेयाचा विश्वासांगीकार घट्ट धर. तुझ्या पंथाची बाप्तिस्म्याविषयीची शिकवण आदराने धर, पण दुसऱ्या पंथाचा भाष्यकारही शेजारी ठेव. शेवटच्या काळाचे तक्ते सैल हाताने.

पुढच्या पत्राआधी मार्क १३:३२ घे: तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. पाच ओळी आधी लिही. मग ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेचे चार नकार काढ: ख्रिस्ताचे दोन स्वभाव मिसळत नाहीत, बदलत नाहीत, दुभंगत नाहीत, विलग होत नाहीत. ‘ठाऊक होतं, पण नाही असं भासवलं’ हे उत्तर आणि ‘म्हणजे तो देव नव्हे’ हे उत्तर, दोन्ही कोणकोणत्या नकारापाशी अडतात, तेवढं लिहून पाठव.

तुझा,
एक जुना वाचक