हापात्ता, हापेत्ता आणि मधला एक स्वर

प्रश्न असा : फिनिशमधल्या 'हापात्ता'चा अर्थ लोणचं घालणं का? आणि 'हापान'ची षष्ठी 'हाप्पामान' होते, त्यातला जादा प कुठून आला?

लोणचं नव्हे. लोणच्याच्या नावातच लवण आहे. 'हापान' म्हणजे आंबट, 'हापान्तुआ' म्हणजे आंबणे आणि 'हापात्ता' आंबवणे. आपण 'व' लावून प्रयोजक करतो, फिनिश लोक 'त्ता' लावून. 'हापानकाली' करताना चिरलेला कोबी मीठ लावून चुरायचा आणि त्याच्याच सुटलेल्या पाण्यात दाबून ठेवायचा. तेल नाही, मोहरी नाही. याला 'सडवलेला कोबी' म्हणणाऱ्यांनी आधी घरातल्या इडलीच्या पिठाला सडकं म्हणून दाखवावं! जे विद्वान इथे 'किण्वन' सुचवतात त्यांनाही नमस्कार. किण्वनात दारूसुद्धा येते. 'आंबवणे' असताना हा अट्टहास कशाला?

जादा प वगैरे काही नाही. प्प मूळचाच. तो ज्या अवयवाच्या (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाच्या तुकड्याच्या) तोंडाशी येतो तो अवयव स्वरावर संपला तर प्प टिकतो (हाप-पा-मान), व्यंजनाने बंद झाला तर झिजून प उरतो (हा-पान).

खरी गंमत पुढेच आहे. मधला 'आ' काढून 'ए' घाला : 'हापेत्ता'. अर्थ? ऑक्सिडीकरण करणे! कारण 'हापान'वरूनच एकोणिसाव्या शतकात 'हाप्पो' (आम्ल) आणि 'हाप्पी' (ऑक्सिजन) हे शब्द घडवले गेले. ('हाप्पी'वरून हॅपीचे विनोद करणाऱ्यांनी कृपया थांबावं.) यामागे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, या समजुतीने त्याने 'आम्लजनक' अशा अर्थाचं ग्रीक नाव दिलं. समजूत चुकीची निघाली, हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन औषधालाही नाही. पण नाव चिकटलं. जर्मन 'झाउअरश्टोफ', स्वीडिश 'स्यूरे', बंगाली 'अम्लजान' या सगळ्यांत तीच चूक. माझं ठाम मत, 'प्राणवायू' म्हणणारे आपण यात सगळ्यांपेक्षा शहाणे ठरलो.

त्यात कोबी आंबवणाऱ्या जिवाणूंना हाप्पी लागतच नाही. उलट पाण्यावर तरंगणाऱ्या पानांना हवा लागली की बुरशी धरते. म्हणजे हापात्ता करायचं तर हाप्पीला बाहेर ठेवायचं!

हां, व्याकरण राहिलंच. 'मी कोबी आंबवतोय' म्हणताना कोबीला ('काली'ला) आंशिक विभक्ती, म्हणजे काम अजून पुरं झालेलं नाही हे दाखवणारी : 'हापातान कालिया'. सगळा आंबवून झाला की 'कालिया'चं 'कालिन'.