अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं घराणं शोधताना
जनगणनेपासून सुरुवात करू नकोस. १८५० च्या आधी तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असायचं, आणि केंटकीच्या १७९० अन् १८०० च्या याद्या तर उरलेल्याच नाहीत. त्याऐवजी करयाद्या वर्षावर्षाने वाच. नावापुढे घोडे किती, जमीन कुठल्या ओढ्याकाठी, हे सापडतं. एकाच नावाचे दोघे आले की मी तो ओढा धरून बसते. माणसं वेगळी करायला त्याच्याइतकी पक्की खूण नाही. १७९२ पर्यंत केंटकी व्हर्जिनियातच होतं, म्हणून जमिनीच्या जुन्या सनदा तिकडेही बघ. जमीन मोजणीच्या कागदावर मापाची साखळी धरणाऱ्यांची नावं असतात, त्यात कधी भाऊ निघतो, कधी मेहुणा. मृत्युपत्रात गुलामांची नावं दिसली तर तीही उतरवून ठेव. त्यांचे वंशजही आपली माणसं शोधतायत.