हातउसने

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज वाचला. नोकरीला लागून चार महिने होतात न होतात तोच जुन्या मित्रानं आईच्या ऑपरेशनसाठी वीस हजार हातउसने मागितलेत, आणि ‘काका, देऊ की नको?’ असं विचारतोयस. उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण पैशांपायी जिवाभावाची माणसं कायमची दुरावलेली मी पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी पगारातले तुझे स्वतःचे किती ते बघ. खोलीचं भाडं, मेसचे पैसे, घरी पाठवतोस ते बाजूला काढ. 1630 च्या सुमाराच्या त्या भीषण दुष्काळानंतर तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण सगळी नाही सोडली. परंपरा सांगते की धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची अर्धी खतं त्यांनी त्याच्या हाती दिली आणि बुडवली ती फक्त आपली. मला यातला तो अर्धा वाटा राखण्याचा भाग फार मोठा वाटतो. दुसऱ्याच्या हक्काचं आपण परस्पर माफ करू शकत नाही, एवढं भान त्या वेळीही त्यांना होतं.

तेव्हा असा आकडा ठरव, की परत आला नाही तरी मित्राशी पूर्वीसारखं बोलता येईल. तो सहा हजार निघाला तर सहाच दे, आणि एवढेच जमतात हे मोकळेपणानं सांग.

1991 साली मी एका सहकाऱ्याला पाचशे रुपये दिले होते. दोन-तीन महिन्यांनी तो माझ्याबरोबर डबा खायला येईनासा झाला. मी लिफ्टपाशी दिसलो की जिना धरायचा. मला वाटलं, याची नियत फिरली. एक दिवस चारचौघांत विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर पाकीट होतं. आत पाच-दहाच्या मळक्या नोटा, कुठून कुठून गोळा केलेल्या, पण पुरे पाचशे. त्यानंतर आम्ही कधी एकत्र जेवलो नाही. तोंड चुकवणारा प्रत्येक जण लबाड नसतो रे, बहुतेकांना लाज खात असते. त्याला बाजूला घेऊन विचारलं असतं तर एक चांगला माणूस मी गमावला नसता.

मोठी रक्कम असेल तर लिहून घ्यावं, त्यात कमीपणा नाही. उसन्या पैशांच्या दाव्यालाही कायद्यानं तीन वर्षांची मुदत असते. सहा हजारांसाठी मात्र कागद मागू नकोस. खात्यातून पाठव, नोंद आपोआप राहील.

उद्या तुझ्यावरही मागायची वेळ येईल. आमच्या चाळीत माझी आई शेजारून साखर आणायची ती वाटी बोटानं सपाट करून. परत द्यायची ती शीग लावून, जिन्यात सांडू नये म्हणून वर तळहात धरून. उशीर होणार असला तर आपणहून दारात जाऊन सांगायची, ‘वहिनी, रेशन आलं की देते हं तुमची साखर.’ त्यांना कधी मागावी लागली नाही.

मित्राला आजच फोन कर. मेसेज नको. देणार असशील किंवा नसशील, मागून बसलेल्याला ताटकळत ठेवू नये. आणि आठवड्याभरानं पुन्हा कर, तेव्हा फक्त त्याच्या आईची तब्येत विचार.

तुझा,
काका